मार्टिनच्या मांडवातली मेढ

शिजलेल्या रताळ्यात सुरी जावी तसा स्क्रू ड्रायव्हर खांबात घुसला. शिरीषने तो गुपचूप बाहेर काढला आणि भोकावर माती थापली. लेकीचं, निहारिकेचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि अंगणातल्या ज्या मांडवात ते लागायचं, त्याचे खांब जमिनीलगत कुजले होते.

कुंपणापलीकडे मार्टिन लोपीस शीळ घालत बागेला पाणी देत होता. त्याचाही मांडव तेवढाच जुना, लाकूडही एकाच दुकानातलं. पण त्याचे खांब ठणठणीत होते. ते पाहून शिरीषच्या पोटात दुखायचं. मार्टिनची हिरवळ, मार्टिनची लिंबं, एवढंच काय, मार्टिनची शीळसुद्धा त्याला सोसत नव्हती.

परदेशात येऊन ग्लेन वेव्हर्लीत शेजारी शेजारी घरं घेतली तेव्हा लाकूड आणायला दोघं बरोबरच गेले होते. दुकानदाराने दोघांनाही लोखंडी बैठका दाखवल्या. बैठक काँक्रीटमध्ये रोवायची आणि खांब तिच्यावर बोल्टने कसायचा, म्हणजे लाकूड जमिनीपासून चार बोटं वर, कोरडं राहतं. "कीप इट ऑफ द डर्ट, मेट," तो म्हणाला. मार्टिनने मुकाट्याने घेतल्या. शिरीष पुण्याचा इंजिनिअर. तो मुकाट्याने काही घेत नसे.

"अरे, मांडवाची मेढ जमिनीत रोवतात," त्याने मार्टिनला सुनावलं होतं. "अधांतरी खांबांखाली कुणाचं लग्न लागणार?"

घरी येऊन त्याने खड्ड्यात हळदकुंकू, सुपारी घातली आणि खांब पुरले. मुलीचं लग्न याच मांडवात, हे तेव्हाच ठरवून टाकलं. बायकोने, विनीताने वर जाई चढवली.

आज विनीताने खांबाला नुसता हात लावला आणि मांडव डुलला.

"शिरीष, अक्षतांबरोबर हाही डोक्यावर पडेल."

"टेकू देतो."

"बाबा, प्लीज!" निहारिका म्हणाली. "मी मार्टिनअंकलना विचारलंय. ते म्हणाले, नो वरीज, आमच्याकडे करा."

"मला न विचारता?"

"तुम्ही नाहीच म्हणाला असतात."

हे खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. पोरगी आपली, खर्च आपला आणि मिरवणार मार्टिन! दोन दिवस गेले. मग जाईसकट मांडव त्याने स्वतःच उतरवला.

लग्नाच्या आदल्या दिवशी मार्टिन कुंपणाशी आला.

"शिरीष, तुमचे गुरुजी मेढ रोवायची म्हणतात. माझा तर एकही खांब मातीला लागत नाही. तुझ्याकडचा एखादा मिळेल?"

शिरीषला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "बघ! शेवटी अडलं ना मातीवाचून?"

"अडलं रे बाबा," मार्टिन हसला. भांडायलाही तयार नाही, म्हणून शिरीषला त्याचा आणखीच राग आला.

कुजका बुंधा कापून त्याने कमरेएवढा चांगला तुकडा काढला. आंब्याचे डहाळे नव्हते, म्हणून मार्टिनच्याच लिंबाचे बांधले आणि मार्टिनच्या हिरवळीत मेढ घट्ट रोवली.

लग्न थाटात झालं. जो तो मार्टिनला म्हणत होता, "काय सुरेख मांडव आहे हो तुमचा!" मार्टिन लाजत होता. शिरीष उपरणं सावरत मेढीपाशी उभा होता. तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

निघताना निहारिका मार्टिन आणि त्याची बायको जुडिथ यांच्या गळ्यात पडली. मग बाबांच्या पाया पडायला वाकली. जड शालूत तिचा तोल गेला आणि तिने मेढ धरली. मेढ हलली नाही.

मंडळी पांगल्यावर मार्टिन म्हणाला, "मेढ राहू दे हवी तर. मला काही अडचण नाही."

"नको," शिरीष म्हणाला. "कुजेल."

त्याने ती उपसली, खांद्यावर टाकली आणि घरी आणली. टोकाची ओली माती नव्या उपरण्याने पुसून काढली. जिथे मांडव होता तिथे दोन विटा अंतर ठेवून मांडल्या, मेढ त्यांच्यावर उभी केली. मग गुडघे टेकून वाकला आणि खालून चार बोटं आरपार जातात ना, ते पाहिलं.