न पटलेल्या बाजूचा मान

थोरल्या न्यायमूर्तींनी दार ढकललं, तेव्हा ती नुकतीच डबा उघडून बसली होती. त्यांच्या हातात तिचंच निकालपत्र होतं, समासात पेन्सिलीच्या खुणा केलेलं.

“बस, उठू नकोस,” म्हणत त्यांनी समोरची खुर्ची ओढली. “तुझ्या निकालपत्राला भोक पडलंय. ते दाखवायला आलो.”

तिचा घास हातातच राहिला. तिघांच्या खंडपीठाचे ते प्रमुख, आणि ती सगळ्यांत धाकटी. जनुकीय बदल केलेल्या पिकापासून बनवलेल्या अन्नाच्या पाकिटावर तसं छापलंच पाहिजे, असा कायदा झाला होता आणि कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं होतं. थोरल्यांच्या मते कायदा टिकणारा नव्हता. तिच्या मते होता. तिसरे न्यायमूर्ती सध्या थोरल्यांच्या बाजूने होते. मात्र वकील मंडळी त्यांना आपापसात ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलेलं नव्हतं.

थोरले महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. जाता जाता त्यांच्या हातून लिहिला जाणारा हा शेवटचा मोठा निकाल. हे भोक त्यांनी त्यात दाखवून दिलं असतं, तर तिचं भिन्न मत तिथेच निकालात निघालं असतं. मग ते इथे येऊन का बसले आहेत, हे तिला कळेना.

“धोका असू शकतो म्हणून छापा, असं तू लिहितेस. पुढे आलेल्या पुराव्यात धोका कुठे दिसतो?”

“कुठेच नाही, सर.” एके काळी ती त्यांच्याच हाताखाली वकिली शिकली होती. ‘सर’ तेवढं सुटलं नव्हतं.

“मग भीतीवर कशाला उभी राहतेस? पाय घसरेल.” त्यांनी निकालपत्र मिटलं. “पाकिटावर काय काय छापलेलं असतं, ते वाचतेस कधी?”

“मी कुठली वाचतेय! सासूबाई वाचतात. पाकीट अगदी नाकाला लावून. कारखाना कुठल्या गावचा, तेसुद्धा.”

“त्याने त्यांच्या तब्येतीला काय फरक पडतो?”

“काही नाही. त्यांना माहीत हवं असतं, एवढंच. आपण काय खातोय हे विचारायला कारण कशाला लागतं, म्हणतात.”

थोरल्यांनी खिशातली पेन्सिल काढून तिच्यापुढे ठेवली.

तिने पेन्सिल उचलली. मग म्हणाली, “हे लिहायला हवं होतं.”

“मीही तेच म्हणतोय.”

“मग सर, तुम्हीच माझ्या बाजूने या ना.”

“छे! मला मुळीच पटलेलं नाही. पण जे खोडून काढायचं, ते आधी धड उभं तर असू दे. जेव आता.”

तिने भीतीची पानंच्या पानं काढून टाकली आणि जाणून घेण्याच्या हक्कावर नव्याने लिहायला घेतलं. ते वाचून तिसरे न्यायमूर्ती तिला जिन्यात गाठून, कुणाच्या पायावर पाय पडल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाले, “बाई, मी तुमच्याकडे आलो.”

एका रात्रीत तिचं भिन्न मत बहुमत झालं. थोरल्यांना तोंड कसं दाखवायचं, या विचारात ती त्यांच्या दालनात गेली, तर ते बाह्या सरसावून टेबलाशी बसलेले.

“कळलं मला. म्हणजे आता माझ्यावर काम आलं,” ते म्हणाले. एखाद्या होतकरू वकिलाला पहिली केस मिळावी तसा त्यांचा चेहरा खुलला होता.

त्यांचं नवं, आता भिन्न मताचं, निकालपत्र आलं, तेव्हा एका परिच्छेदापाशी ती अडली. ‘सरकार सक्तीने जे छापायला लावतं, ते लोक इशारा म्हणूनच वाचतात. धोका सिद्ध नसताना असा इशारा द्यायला लावणं म्हणजे खरं बोलून खोटं पसरवणं होय.’

संध्याकाळी सासूबाई शेंगा सोलत होत्या. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “पाकिटावर असं छापलेलं दिसलं, तर घ्याल तुम्ही?”

“नाही गं बाई. छापलंय म्हणजे काहीतरी असणारच ना?”

ती त्यांच्याजवळ बसली आणि शेंगा सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्यांकडे गेली. “सर, तुमच्या त्या परिच्छेदाला माझ्याकडे उत्तर नाही.”

“मग मत बदलतेस?”

“नाही. तरीही लोकांना कळलंच पाहिजे, असंच वाटतं.”

“मग झालं तर. जे वाटतं ते लिहिलं आहेस.”

पण उत्तर सापडत नाही, हे तिने लिहिलेलं नव्हतं. दालनात परतून तिने निकालपत्रात एक वाक्य घातलं आणि पान तिसऱ्या न्यायमूर्तींकडे पाठवलं. ते वाचून ते पुन्हा उलट फिरले असते, तर सगळंच हातचं गेलं असतं. दुपारभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. पान परत आलं, तेव्हा खाली त्यांची सही होती. नेहमीपेक्षा जरा ठळक.

निकालाच्या दिवशी न्यायालय गच्च भरलं होतं. कायदा वैध ठरल्याचं तिने वाचून दाखवलं, तशी मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. त्या वाक्यापाशी येताच तिचा आवाज नकळत खाली गेला.

“माननीय प्रमुख न्यायमूर्तींनी मांडलेल्या या आक्षेपाला आमच्याकडे पुरेसं उत्तर नाही...”

थोरले समोरच बघत होते. मान न वळवता त्यांनी हात लांब केला आणि तिच्यापुढचा माईक तिच्या आणखी जवळ सरकवला.

तिने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.