हॉल भरलाय, सर

मी एक पडदा आहे. वेळ आली की बाजूला सरायचं, वेळ झाली की मिटायचं, एवढाच माझा धंदा. बोलणं त्यात बसत नाही. पण आता मी गुंडाळून ठेवलेला माल आहे, आणि पडून राहिलेल्या मालाला तोंड फुटतं, हे तुम्ही कुठल्याही दुकानात जाऊन पाहा.

माझा जन्म मागावर झाला, पण शहाणपण आलं ते कापडाच्या दुकानात. दाट तपकिरी मखमलीचा तागा म्हणून मी तिथे तीन वर्षं फळीवर होतो. कापडवाले काका शाळेत फारसे गेले नव्हते, पण गिऱ्हाईक पायऱ्या चढताना त्याच्या चपलांवरून ओळखायचे. माझ्यात एक खोट होती. विणताना धागे तुटून बोटभर छिद्र पडलं होतं. विद्यापीठाचे लोक सभागृहासाठी पडदा बघायला आले, तेव्हा काकांनी आधी ते छिद्र उलगडून दाखवलं.

"आधी खोट बघा, मग पोत बघा," ते म्हणाले. "खोट दाखवून विकलेला माल कधी परत येत नाही."

तसा मीही परत गेलो नाही. छत्तीस वर्षं त्या सभागृहात टांगलेला होतो.

मला ओढणाऱ्या माणसाला सगळे दोरीमामा म्हणत. त्यांनी ते छिद्र शिवायला नकार दिला. "असू दे. घराला खिडकी लागतेच." कार्यक्रमाआधी ते छिद्राला डोळा लावून हॉल बघत आणि आत येरझाऱ्या घालणाऱ्या वक्त्याला वर्दी देत. ही वर्दी हळूहळू तिथली रीतच झाली. घाबरलेल्याला ते म्हणत, "थोडीच माणसं आहेत, घरच्यासारखी." फुगलेल्याला म्हणत, "बरीच आहेत, पण बस चुकेल म्हणून चुळबुळतायत." एकदा एक पाहुणे पर्यावरणावर दोन तास बोलले आणि तिसऱ्यात शिरले. मामांनी मला दोन्ही बाजूंनी वीतभर वीतभर पुढे सरकवायला सुरुवात केली. पाहुण्यांना वाटलं वारा आहे. शेवटी ते माझ्या फटीतून बोलत होते, तेव्हा कुठे आभार मानले गेले.

मामांना आई नसलेली एकच मुलगी होती. शाळा सुटली की ती थेट सभागृहात यायची, स्टुलावर चढून माझ्या छिद्रातून बघायची. नाटकं, व्याख्यानं, चित्रांची प्रदर्शनं, वस्तीतल्या बायकांचे मेळावे, सगळं तिनं माझ्यातून पाहिलं. तिच्या श्वासानं माझी तेवढी जागा ओलसर होई. तिथेच ऐकून ऐकून ती गायला लागली.

संगीत विभागाचे सर तिला शिकवू लागले. सरांचा स्वतःचा मुलगा तिच्याच वर्गात होता. विसाव्या वर्षी दोघं विद्यापीठाच्या गायन स्पर्धेत उतरले, आणि परीक्षक सरच होते. मुलगी पहिली आली. मुलगा तिसरा. मामांनी त्या दिवशी दोरी सोडून टाळ्या वाजवल्या आणि मी अर्धवट लोंबत राहिलो. मुलगा मात्र कुणाशी न बोलता निघून गेला. पुढे दूरच्या गावात पाण्याचे पंप विकू लागला, गाणं सोडलं, घरी येणंही सोडलं. मुलीचं त्या बक्षिसानं आयुष्य उभं राहिलं. ती त्याच विभागात शिकवायला लागली. तिच्या खोलीत एकच वस्तू टांगलेली होती, ते प्रशस्तिपत्र.

सर निवृत्त झाले, पण वर्षातून एकदा त्यांचं व्याख्यान व्हायचं. विषय दरवर्षी तोच, 'ऐकावं कसं'. पहिल्या वर्षी लोक पायऱ्यांवर बसले होते. मग दोनशे, मग ऐंशी, मग तीस. त्यातच सरांचे डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढंच उरलं.

त्या वर्षी मामांनी छिद्रातून पाहिलं तर समोर चार माणसं होती. ते सरांकडे वळले आणि म्हणाले, "हॉल भरलाय, सर."

मग धावत जाऊन माळी, पहारेकरी, उपाहारगृहातला भांडीवाला, जो सापडला त्याला आणून बसवला. अशी पाच वर्षं हेच चाललं. माळी कुरकुरायचा, "मामा, यंदाही ऐकायचं कसं तेच ऐकायचं का?" "तू नुसता बस रे. टाळी जोरात वाजव, तुझे हात मोठे आहेत."

सगळं प्रेमापोटी. पण मामांचं गणित एका जागी चुकलं. ज्या माणसानं जन्मभर ऐकणं शिकवलं, त्याला ते खोटी वर्दी देत होते.

सरांच्या विसाव्या व्याख्यानाला मामांच्या मुलीनं बेत रचला. गावोगावच्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं पाठवली. त्या दिवशी तीनशे माणसं आली, भिंतीला टेकून उभी राहिली. तिनं प्रत्येकाला दारात बजावलं होतं, "सरांचं बोलणं संपेपर्यंत हूं की चूं नाही. खोकलासुद्धा गिळायचा. शेवटी मी उठेन, मग सगळ्यांनी मिळून त्यांचं गाणं धरायचं." बापालाही शपथ घातली होती.

मामांनी डोळा लावला, आणि त्यांच्या डोळ्यातलं पाणी मला लागलं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना खरं बोलायचं होतं. "हॉल भरलाय, सर," ते म्हणाले.

सर हसले. "बरं. चला."

सरांनी माझ्यात अडखळू नये म्हणून मामा त्यांचं बोलायचं स्टँड माझ्या पुढे, मंचाच्या अगदी कडेला ठेवत. मी सरकलो. सर काठी टेकत तिथे पोहोचले आणि थांबले. कान लावला. समोर तीनशे माणसं श्वास धरून बसली होती.

"आज माळीसुद्धा आला नाही का रे?" सर म्हणाले.

पहिल्या रांगेत मुलगी तोंड दाबून हसली.

"दोरीवाल्या, तुला म्हणून सांगतो. सात माणसांच्या टाळ्या मला मोजता येतात. पाच वर्षं मोजतोय. तू इतक्या मायेनं सांगायचास की मला मोडवेना. आज तर ते सातही नाहीत. बरं झालं. आज व्याख्यान नको. तू मला पाच वर्षं एक खोटं दिलंस, मीही तुला एक दिलं होतं. तेवढं परत घेतो."

भरलेला हॉल आवाज पितो, रिकामा घुमवतो, हे सरांनीच शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांना ते ऐकू यायला हवं होतं. पण माणूस एकदा आपण एकटे आहोत असं धरून चालला की कान असून काय करणार?

"ती स्पर्धा आठवते? पहिला माझा मुलगा होता. त्या तोडीचं मी नंतर ऐकलं नाही. पण परीक्षक बाप, लोक काय म्हणतील, या भीतीनं मी त्याला तिसरा केला. दुसऱ्या कुणालाही पहिलं दिलं असतं तरी चाललं असतं, पण तुझी पोरगी बिनआईची. तिला दिलं. शेवटच्या कडव्यात तिचा श्वास तुटला होता, दोरीवाल्या. मी ऐकलं होतं. तरी दिलं."

मामांच्या हातून दोरी एकदम खेचली गेली. मी उभ्या आयुष्यात इतका जोरात धावलो नव्हतो. माझ्या दोन्ही कडा एकमेकींवर आदळल्या. पण सर माझ्या पुढे होते. मी मिटलो तो त्यांच्या पाठीमागे. ज्या एका क्षणी झाकायचं होतं, तेव्हा मी फक्त बापाला लेकीपासून झाकलं.

"पडदा का ओढलास? राग आला? येऊ दे," सर म्हणाले. "माझं झालं."

मामांनी छिद्राला डोळा लावला. मुलगी उठली होती. ती उठली की गाणं धरायचं, असं ठरलं होतं. तिनं लोकांकडे वळून तळहात खाली दाबला. बसा. मग ती तीन पायऱ्या चढून वर आली.

"कोण?"

"मी, सर."

"तू कधी आलीस?"

"आत्ताच. बाबांना न्यायला."

सरांची काठी हातातल्या हातात फिरली. "काही ऐकलंस?"

"नाही सर. बाहेर होते."

"हॉलमध्ये कुणी आहे का गं?"

तिसऱ्या रांगेत कुणाच्या तरी हातातल्या फुलांचा कागद कुरकुरला. ती लगेच खोकली, पदर तोंडाला लावून, चांगली दोनदा.

"कुणी नाही, सर. रिकामा आहे. हात द्या, तीन पायऱ्या आहेत."

काठीचा आवाज थेट फाटकापर्यंत ऐकू येत राहिला. तोपर्यंत तीनशे माणसांतलं एक हललं नाही. मग सगळे उठले आणि मयतीहून निघावं तसे निघाले. फुलं खुर्च्यांवर राहिली.

सर पुढे दीड वर्ष जगले. भेटेल त्याला सांगत, फार हलकं वाटतंय. ओझं टाकणाऱ्याला ते कुणाच्या डोक्यावर पडलं हे कुठे दिसतं?

तिनं गाणं थांबवलं. शिकवते, पण स्वतः गात नाही. एका दुपारी बापलेक माझ्या सावलीत डबा खात होते. मामा बराच वेळ भाकरी मोडत राहिले, मग म्हणाले, "बाळ, त्या दिवशी तू खरंच सुरेख गायली होतीस. मी होतो ना इथे."

ती त्यांच्याकडे बघून हसली. रागानं नव्हे, समजुतीनं. "हॉल भरलाय म्हणताय का, बाबा?"

मामांनी डबा मिटला. त्याच संध्याकाळी त्यांनी जाड काळ्या दोऱ्यानं माझं छिद्र शिवलं. कापडवाले काका म्हणायचे, आधी खोट दाखवा. काकांचं चुकलं असं नाही, पण ते कापड विकत होते. माणसाची खोट उशिरा उलगडली, तर त्यानं त्या मापाचं आयुष्य आधीच शिवून घातलेलं असतं.

दोन वर्षांनी सभागृहात बटणावर चालणारा पडदा आला. मामा घरी गेले, मी सामानाच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे. आता वाळवीशी ओळख झालीय. माणसं यायची तशी ती येते, फक्त वर्दी कुणी देत नाही.

गेल्या महिन्यात भर दुपारी ती आली. सामानाच्या यादीवर सही करायला आली होती. मला ओळखलं, वाकून ती काळी शिवण बोटांनी चाचपली. मग दार लोटून घेतलं आणि माझ्या घडीवर कपाळ टेकून हळू आवाजात स्पर्धेतलं ते गाणं म्हटलं. पहिलं कडवं, दुसरं, आणि ते शेवटचंही.

श्वास तुटला नाही. मी सांगतो, कुठेही तुटला नाही.

ती थोडा वेळ तशीच थांबली. वाट बघत असावी. पण मला हात नाहीत, माझ्याकडून टाळी वाजत नाही. तिनं डोळे पुसले, यादीवर माझ्या नावापुढे 'निरुपयोगी' अशी खूण केली आणि गेली.

सोमवारी भंगारवाला येणार आहे. मला त्याचं काही नाही, माझा माल वापरून झालाय. तुमच्याकडे एवढंच मागणं, ती कुठे भेटली तर सांगा की ते कडवं पूर्ण झालं होतं. मी तिच्या नात्यातला नाही, परीक्षक नाही, आणि मला तिचं मन राखून काही मिळवायचं नाही. मी फक्त ऐकलं.

ती विश्वास ठेवणार नाही. तरी सांगा.