माझी डावी बाजू प्रिमोची

मित्रांनो, मी एक जुनी कूपे आहे, आणि माझा डावा खांदा उजव्यापेक्षा एक बोट उंच आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी वाकून वाकून बघायला नको. मागच्या चाकावर पत्रा जिथे फुगून येतो ना, त्याला मी खांदा म्हणते. या वयात मला लपवाछपवीचा कंटाळा आला आहे.

कूपे म्हणजे दोन दारांची, लांब नाकाची, बसकी मोटार. घोडागाड्यांच्या काळात चार जणांची बग्गी कापून कुणीतरी ती दोघांपुरती केली, आणि लोक तिला 'कापलेली' म्हणू लागले. तेच नाव आमच्या घराण्याला चिकटलं. माझ्या आज्या-पणज्या उभ्या, पेटीसारख्या होत्या. आत बसणाऱ्याची उंच टोपी टपाला लागू नये, एवढीच त्यांना काळजी. पुढे टोप्या गेल्या, टप खाली उतरले, बाहेर लोंबणारी मडगार्डं हळूहळू अंगातच मिसळली. माझ्या वेळेपर्यंत नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवला तर तो कुठेही अडकत नसे. हे सगळं हातांनी झालं, मित्रांनो. मी त्या हातांची फार ऋणी आहे.

माझा जन्म इटलीतल्या तुरीन शहरातला. सान पाओलो वस्तीत मोंसू ब्रुस्तियांचा कारखाना होता. 'मोंसू' म्हणजे तिथल्या बोलीत 'साहेब'. त्यांच्या आजोबांनी बग्ग्या बांधल्या होत्या, आणि दाराशी अजून घोडे बांधायच्या कड्या होत्या. मोंसूंना त्या वर्षीच्या मोटारींच्या प्रदर्शनात एक नमुन्याची गाडी ठेवायची होती. एकच. पुढे कशा गाड्या येतील ते लोकांना दाखवण्यापुरती. आधी काळ्या भिंतीवर खडूने माझं पूर्ण आकाराचं चित्र काढलं. मग लाकडाच्या फासळ्यांचा एक सांगाडा केला. त्या सांगाड्यावर बसेल असा पत्रा ठोकायचा. आणि इथे आले प्रिमो आणि सेकोंदो.

हे दोघे सख्खे भाऊ. प्रिमो थोरला, सेकोंदो धाकटा. अख्ख्या वस्तीत त्यांच्यासारखा पत्रा घडवणारा माणूस नव्हता. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर साबण चोळायचा, खालून आच द्यायची, साबण तपकिरी झाला की पत्रा लोण्यासारखा मऊ. मग झाडाच्या बुंध्यात कोरलेल्या खळग्यावर ठेवून लाकडी हातोडीने टक टक, टक टक. मोंसूंनी डावी बाजू प्रिमोला दिली, उजवी सेकोंदोला. फक्त एकच अडचण होती. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. कित्येक वर्षं!

कारण ऐकाल तर हसाल. रविवारी खानावळीच्या अंगणात लोखंडी गोळ्यांचा खेळ चालायचा. ज्याचा गोळा छोट्या गोटीच्या जास्त जवळ, तो जिंकला. एकदा दोघांचे गोळे गोटीपासून जवळजवळ सारख्या अंतरावर पडले. मोजायला काही मिळेना, म्हणून प्रिमोने टेबलावरची पावाची लांब, कुरकुरीत कांडी उचलली. आधी आपल्या गोळ्याला लावून पाहिली, मग भावाच्या. म्हणाला, "माझा जवळ आहे." सेकोंदो ओरडला, "मोजता मोजता टोक खाल्लंस तू!" प्रिमो म्हणाला, "तुटकंच होतं ते." "मग तोंड कसलं हलतंय?" "माझं तोंड आहे, हलवीन!" झालं. त्या दिवसापासून अबोला. कारखान्यात शेजारी शेजारी उभे राहून पत्रा ठोकायचे, पण तोंडाला कुलूप.

मग काम चालायचं कसं? इर्मामुळे. इर्मा माझ्या गाद्या शिवणारी. बावीस-तेवीस वर्षांची, जिभेने तिखट. गाडीच्या आत बसून ती चामडं शिवायची आणि दोन्ही खिडक्यांतून निरोप पोचवायची.

"इर्मा, त्याला सांग, टप माझ्याकडे जरा दाबून धर."

"सेकोंदो, तो म्हणतोय दाबून धरा."

"त्याला सांग, मला कान आहेत."

"प्रिमो, तो म्हणतोय त्याला कान आहेत. आणि मला दोन हात आहेत, त्यात सुई आहे. कुणाला तरी टोचेन हं मी!"

मला त्या दोघांचं एक गुपित माहीत होतं. सेकोंदो दुपारी जेवायला घरी गेला की प्रिमो हळूच माझ्या उजव्या बाजूला यायचा. भावाने घडवलेल्या पत्र्यावर तळहात फिरवायचा आणि पुटपुटायचा, "लेकाचा! काय हात आहे!" आणि प्रिमो बाहेर गेला की सेकोंदो डाव्या बाजूला. तोही तसाच हात फिरवायचा, मान हलवायचा. एकमेकांना मात्र एका शब्दाने सांगायचे नाहीत. मला तोंड असतं तर मीच सांगितलं असतं.

मग इर्माच्या बहिणीचं लग्न निघालं. इर्मा दोन दिवस आल्बा गावी गेली. नेमके तेच दोन दिवस माझे खांदे घडवायचे होते. लाकडी सांगाडा चाकाच्या वर संपत होता. पुढचं सगळं नजरेने करायचं. एरवी दोन कारागीर अशा वेळी गाडीवरून काठी आडवी धरतात, "वर घे, खाली घे" असं ओरडतात. इथे निरोप न्यायला कुणी नाही. मग दोघांनी आपापल्या नजरेने आपापला खांदा केला. दोन्ही सुंदर झाले. पण दोन झाले!

प्रदर्शनाला गाडी चढवायच्या आदल्या दिवशी सकाळी मोंसू ब्रुस्तिया मागे उभे राहिले. डोळे बारीक केले. दोन खांद्यांवर फळी आडवी ठेवली. फळी कलली. मोंसूंचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही काय थट्टा आहे? सगळं शहर बघायला येणार आहे उद्या! कुणाची बाजू चुकली?"

इर्मा परत आली होती, गाडीत बसून शिवत होती. मोंसूंनी फळी जमिनीवर आपटली.

"जी बाजू चुकली, तिचा खांदा कापायचा आणि संध्याकाळपर्यंत नवा करायचा. आणि ज्याने चुकवली, त्याने हातोडी उचलून घरचा रस्ता धरायचा. सांगा, कुणाची?"

मित्रांनो, करवतीचं भय होतंच. पण त्याहून जास्त भय त्या दोघांचं होतं. दोघांच्या घरी लहान मुलं, आणि हे काम सोडलं तर दुसरं काही येत नाही. आता एकमेकांवर ढकलतील, आणि तुटलेलं कायमचं तुटेल, असंच मला वाटलं.

प्रिमोने टोपी काढली. "मोंसू, त्याची बाजू बरोबर आहे. माझी कापा."

"काही नाही!" सेकोंदो उसळला. "इर्मा, त्याला सांग, गप्प बस म्हणावं. डावीच बरोबर आहे. माझा खांदा बसलाय. माझी कापा."

"इर्मा, त्याला सांग, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे."

"इर्मा, त्याला सांग..." आणि सेकोंदो वाक्य अर्धंच टाकून बॉनेटला वळसा घालून थेट भावासमोर जाऊन उभा राहिला. "अरे गाढवा, तुझी बाजू बरोबर आहे! मी रोज बघतो तुझी बाजू! तू जेवायला गेलास की बघतो!"

"तूसुद्धा?" प्रिमो म्हणाला.

मग दोघे असे काही भांडले की गल्लीतले लोक दाराशी जमले. हा म्हणतो तुझी बरोबर, तो म्हणतो तुझी. इर्माने सुई ठेवली आणि म्हणाली, "चला, मला आता कुणी विचारतच नाही." तिचे डोळे भरून आले होते.

शेवटी मोंसूंनी हात वर केला. "पुरे! मला सांगा, गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कुणाला दिसतात का? नाही ना? मग मागून बघायला कुणाला जागाच द्यायची नाही, भिंतीला लावून उभी करायची. रंग मारा. आणि तुम्ही दोघे, उद्या कामावर वेळेवर या."

माझा रंग कोवळ्या द्राक्षासारखा फिकट हिरवा. प्रदर्शनात माझ्या पोटात इंजिनसुद्धा नव्हतं. नाक नीट खाली बसावं म्हणून वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. लोक विचारायचे, "केवढी पळते ही?" मोंसू म्हणायचे, "पळेल तेव्हा बघा." लोकांनी मला डोळे भरून पाहिलं. वर्तमानपत्रात फोटो आले. पण मला आठवतो तो रविवार. प्रिमो बायको-मुलांना घेऊन आला आणि त्यांना सरळ माझ्या उजव्या बाजूला घेऊन गेला. "हे बघा, काकाचं काम." थोड्या वेळाने सेकोंदो आपल्या माणसांना घेऊन डाव्या बाजूला उभा होता.

पुढे मला इंजिन मिळालं. बिएल्लाच्या लोकरीच्या गिरणीच्या मालकीणबाई क्लोतिल्दे यांनी मला घेतलं. त्या स्वतः मला चालवायच्या, तेही डोंगरातून, गाणी म्हणत. फार छान वर्षं होती ती! त्या गेल्यावर भाच्यांनी मला राकोनीजीजवळच्या एका शेतघराच्या गोठ्यात ढकललं. टायर बसले, रंग उडाला, काचेवर धूळ चढली. इर्माने शिवलेल्या गादीवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण धुक्याच्या दिवसांत त्या कोंबड्यांची ऊब असायची, आणि मी त्यांचेही आभार मानते.

बऱ्याच वर्षांनी दातांच्या डॉक्टर असलेल्या नोएमीबाईंनी मला तिथून बाहेर काढलं. मला पुन्हा नवी करायचं काम फुल्वियो नावाच्या तरुणाकडे दिलं. मुलगा चांगला, हाताचा हळुवार. त्याने माझ्यावर यंत्राने प्रकाशाची रेघ फिरवली आणि म्हणाला, "डॉक्टर, डावा खांदा वर आला आहे. जुना अपघात असणार, दुरुस्ती कच्ची केली. कापून उजव्यासारखा करतो." बाईंना ते पटलं. कुणालाही पटलं असतं. त्याने माझ्या डाव्या खांद्यावर खडूची रेघ ओढली. दुपारच्या जेवणानंतर करवत लागणार होती.

त्याच सकाळी गाद्यांचं चामडं बघायला इर्माला बोलावलं होतं. केस पांढरे, पण जीभ तीच. तिने रेघ बघितली. "हे काय?"

"अपघाताची खूण, मादामा इर्मा. सरळ करतोय."

"अपघात? हो, अपघातच की. मी दोन दिवस बहिणीच्या लग्नाला गेले होते!" आणि ती तिथेच पायरीवर बसून सगळी हकिकत सांगू लागली. मग तिने फोन मागितला.

तासाभराने सेकोंदो बसने आला. हातात काठी, डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालेलं. प्रिमो केव्हाच गेला होता. समेट झाल्यावर दोघे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले, खूप बोलले. पण पावाच्या कांडीवरून दर नाताळला भांडण ठरलेलं. ते कधी मिटलं नाही, असं इर्माच सांगत होती. सेकोंदो चाचपत माझ्या डाव्या बाजूला आला. खांद्यावर तळहात ठेवला. हात वर वर सरकला, आणि सगळ्यात उंच जागी थांबला.

"मोंसू सेकोंदो," दवाखान्यातून तशाच धावत आलेल्या नोएमीबाईंनी हळूच विचारलं, "मग बरोबर बाजू कुठली?"

"त्याची."

फुल्वियो चाचरत म्हणाला, "मग... उजवी उंच करू का? तुमची?"

"कर की!" म्हातारा हसला. "माझी काप. त्याच्या बाजूला हात लावू नको, बाळा."

नोएमीबाईंनी पांढऱ्या कोटाच्या बाहीने माझ्या खांद्यावरची खडूची रेघ पुसली. पूर्ण पुसली. फुल्वियोने करवतीची वायर काढून गुंडाळली.

सेकोंदोचा हात अजून तिथेच होता. "इर्मा," तो म्हणाला, "त्याला सांग..."

"काय सांगू?"

"सांग, टोक त्याने खाल्लं नव्हतं."

इर्माने डोळे पुसले, वाकून माझ्या डाव्या खांद्यावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "प्रिमो, ऐकलंत का? तो म्हणतोय, टोक तुम्ही खाल्लं नव्हतं." खाल्लं होतं की नव्हतं, कोण जाणे. मी काही तिथे नव्हते. पण निरोप मी नीट ऐकला आणि जपून ठेवला आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. जुनी वस्तू हातात आली की तिला सरळ, गुळगुळीत, सारखी करायची घाई करू नका. आधी कुणाला तरी विचारा, ही कुणी घडवली? आणि मला बघायला आलात, तर पुढून एक नजर टाकून निघून जाऊ नका. हळूहळू चक्कर मारा. उजव्या बाजूला सेकोंदो भेटेल, डाव्या बाजूला प्रिमो. दोघांनाही हात लावून बघा. मला चालेल.