चार नव्या कॉइली

माझी व्हॅन करमाडच्या बायकांना शेंद्र्याच्या कंपनीत नेते-आणते. म्हणजे नेत होती. महिनाभर इंजिन मिसिंग करत होतं, दोनदा रस्त्यातच बंद पडलं. सुपरवायझर तात्यासाहेबांनी बजावलं, आता एकदा जरी बायकांना उशीर झाला तर दुसरी गाडी लावू.

कॉइली गेल्या होत्या. प्लगला ठिणगी देणारी कॉइल मेली की इंजिन लंगडतं. मी संभाजीनगरातून चार नव्या आणल्या आणि चिकलठाण्याला धाकट्या भावाच्या, मल्हारीच्या गॅरेजात गाडी घातली. एरवी मी मेकॅनिकच्या डोक्यावर उभी राहते आणि निघालेला जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय हलत नाही. सगळेच घेतात. पण सख्ख्या भावाकडं जुना पार्ट मागायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणायचं. मी आपली आत भावजयीशी गप्पा मारत बसले. बाहेर आले तर बॉनेट लावलेलं, गाडी झकास सुरू. मी त्याला तोंडभरून दुवा दिला.

त्याच आठवड्यात कंपनीच्या अलीकडं गाडी बंद पडली. बायका पायी निघाल्या. मीच पाना काढला, बोल्ट सोडवून कॉइल वर ओढली. खालचं रबर फाटलेलं, आणि डोक्यावरची चीर मीच मागं एम-सीलनं बुजवलेली. चारही माझ्याच जुन्या, घासूनपुसून परत बसवलेल्या.

तात्यासाहेबांनी शब्द पाळला. दुसऱ्या सकाळी बायका दुसऱ्या गाडीत बसल्या.

मी गॅरेज गाठलं आणि काम गेल्याचं सांगून जुन्या कॉइली पुढ्यात टाकल्या. मल्हारीनं काही नाकारलं नाही. त्या दिवशी आप्पासाहेब पुढारी आले होते म्हणे, तसलीच गाडी घेऊन, लग्नाला जायच्या घाईत. माझ्या कॉइली त्यांच्या इंजिनात गेल्या. माझ्यासाठी दुसऱ्या आणून तो गुपचूप बदलणारच होता.

"मंग त्यांनाच थांबवायचं होतं की," मी म्हणाले. "माझ्याच कॉइली का दिल्यास?"

तो फडक्यानं हात पुसत राहिला. "त्यांनी गावभर बोंब मारली असती, अक्का. तू थोडीच मारणार हायस."

चोरी एकवेळ गिळली असती. पण ह्या मेल्यानं माझी माया गृहीत धरूनच चोरी केली होती.

गॅरेजपुढं दोन गिऱ्हाइकं उभी होती. मी बोंब मारायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात आतून भावजयीनं हाक दिली, "वन्स, जेवून जाता का?"

"नको," मी म्हणाले, "शिफ्टची वेळ झाली."

आता कुठलीच शिफ्ट उरली नव्हती, ते मल्हारीलाही ठाऊक होतं. त्यानं मान वर केली नाही.