सात जणांचा फरक

"एकशे एकतीस," प्रोग्रॅमरबाई म्हणाल्या आणि त्यांनी खुर्ची मागे सारली.

नोंदणीबाईंनी आपली वही पुन्हा उघडून पाहिली. वहीत मृतांचा आकडा एकशे चोवीस होता.

इस्पितळाच्या परिचारिका इस्पितळापर्यंत येऊ न शकणाऱ्या रुग्णांना घरी जाऊन बघत आणि प्रत्येकाची एक फाईल टाइप करून पाठवत. वर्षाकाठी अशा दोनेक हजार फायली जमत. त्या एकेक वाचून किती बरे झाले, किती तसेच आहेत आणि किती गेले, याची गोळाबेरीज नोंदणीबाई सव्वीस वर्षं करत आल्या होत्या. त्यांना महिना लागे. यंदा प्रोग्रॅमरबाईंनी संगणकासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टने सगळ्या फायली चाळून तीच बेरीज चहा निवायच्या आत काढली होती.

साहेबांनी फरक ऐकला आणि ते नोंदणीबाईंना हसून म्हणाले की यंत्राला डुलकी लागत नाही, तेव्हा चष्म्याचा नंबर एकदा तपासून घ्या. यंत्राची यादी चारला पुढे जाणार होती. मृतांत क्रमांक लागला की त्या घरची परिचारिकेची फेरी दुसऱ्या दिवसापासून बंद.

नोंदणीबाईंना बसवेना. खिडकीशी गेल्या, परत आल्या. डबा उघडला, तसाच झाकला. निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. आजवर त्यांच्या बेरजेकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. पण त्याहून दुसरीच गोष्ट जिवाला खात होती. आपण बरोबर असलो, तर सात जिवंत माणसं त्या कागदावर मेली होती.

प्रोग्रॅमरबाईंना त्यांची ती येरझार बघवेना. यादी छापून त्या समोर येऊन बसल्या आणि एकेक क्रमांक वाचू लागल्या. नोंदणीबाई वहीत खुणा करत गेल्या. वहीतल्या मृतांत न सापडलेला तिसरा क्रमांक त्यांना शोधावाच लागला नाही. तो पाठ होता. त्यांच्या थोरल्या भावाचा.

सकाळी कामावर येताना दादाला त्यांनी दारात बसलेलं पाहिलं होतं. तरी त्यांनी वहिनीला फोन लावला.

"दादा काय करतोय गं?"

"काय करणार? चपला शोधतोय. पायातच आहेत." वहिनी जरा थांबली. "का हो?"

सहज, म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि दादाची फाईल उघडली. 'स्मृती आणखी खालावली. बहिणीला ओळखत नाही.'

प्रोग्रॅमरबाईंनी वाकून ती ओळ वाचली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी 'मृत' एवढी अक्षरं शोधायला लावली होती, ताई. ती 'स्मृती'तही आहेत. चूक माझी आहे."

"जिवंत आहे तो," नोंदणीबाई म्हणाल्या. "जेवतोखातो."

उरलेल्यांच्या फायलीही भराभर उघडल्या. दादा धरून सहा जण तसेच निघाले. कुणाची स्मृती जात चाललेली, कुणाची अधूनमधून परतणारी. साहेबांनी दारातूनच विचारलं की मग एकशे चोवीसच ना, आणि उत्तराची वाट न बघता ते निघून गेले.

सातवी फाईल चार ओळींची होती. एकटी राहणारी म्हातारी. शेवटची ओळ होती, 'पहाटे मृत. शेजाऱ्यांनी दार उघडून दिलं.' स्मृतीचा उल्लेखही नव्हता.

नोंदणीबाईंनी वहीत बघितलं. त्या क्रमांकापुढे त्यांच्याच अक्षरात 'तशीच आहे' असं होतं.

मग प्रोग्रॅमरबाई हळूच म्हणाल्या, "तिच्या घरी आता कोण आहे? फेरी चालू राहिली काय नि बंद झाली काय. मी एकशे चोवीसच पाठवते."

"एकशे पंचवीस पाठवा," नोंदणीबाई म्हणाल्या.

पट्टी धरून त्यांनी 'तशीच आहे' सरळ रेघेने खोडलं, वर बारीक अक्षरात 'गेली' लिहिलं आणि बाजूला सही केली. चार वाजायला दहा मिनिटं होती. त्यांनी ती फाईल पुन्हा वरून वाचायला घेतली, एकेका ओळीखाली बोट ठेवत.