थानासिसचा उजवा हात

गावच्या रिवाजाप्रमाणे तीन वर्षांनी थानासिसची कबर उघडली. अस्थी लाल वाइनने धुऊन पेटीत ठेवायच्या, आणि ते काम बायकोचं, म्हणजे पोलिक्सेनीचं. दफनाच्या दिवशी सगळ्यांनी ‘देव याला क्षमा करो’ म्हटलं, तेव्हा तिने नुसते ओठ हलवले होते. ज्याला क्षमा नाही त्याला माती खात नाही, असं गाव म्हणे. तेव्हापासून उंबऱ्यावर रोज त्याचे बूट वाजत. आज तो अख्खाच निघणार, याची तिला खात्री होती.

“वहिनी, माझ्या भावाला कधी सुख दिलं नाहीस. निदान हाडं तरी धू!” नणंद फणकारली.

पोलिक्सेनीने क्रुसाची खूण केली. “ख्रिस्ता, तूही कबरीत राहिलायस. चल माझ्यासोबत,” असं पुटपुटत ती खड्ड्यात उतरली.

हाडं स्वच्छ, पिवळी निघाली. उजवा हात तिने शेवटी धुतला. याच हाताने तिचा जबडा मोडला होता. आता तो चमच्याएवढाही जड नव्हता.

“देव तुला क्षमा करो,” ती मोठ्याने म्हणाली. तो हात पाहून नणंद मागे सरकली होती. पोलिक्सेनीने तो हात तिच्यापुढे धरला.

“घे गं. आता नाही मारत तो.”