उगी

मुख्य संपादकांनी कार्ड चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे नेले, वाचले आणि टेबलाच्या तिच्या बाजूला टाकले.

“हा घोडा आहे,” ते म्हणाले.

“पागेतल्या नोकरांसाठी लिहिलेलं पुस्तक आहे, दीडशे वर्षांपूर्वीचं,” ती म्हणाली. “ ‘जनावर बिथरल्यास मानेवर हात ठेवून उगी उगी म्हणावे.’ आणखी काय हवं?”

“मूल हवं. रडणारं. रडणाऱ्याला शांत करणं हा या शब्दाचा स्वतंत्र अर्थ आहे, असं तुमचं म्हणणं. मग जुन्या पुस्तकात तसं कुणी म्हटलेलं दाखवा. नाहीतर ‘उगा’ म्हणजे गप्प, ‘उगीच’ म्हणजे विनाकारण. झालं.”

“घरोघरी म्हणतात.”

“घरोघरी पुष्कळ काही म्हणतात. मला पान दाखवा.”

त्यांनी पुढचे कार्ड उचलले. बोलणे असे मध्येच छाटायच्या सवयीमुळे अख्खे कोशकार्यालय त्यांना पाठीमागे ‘पूर्णविराम’ म्हणे.

साधासुधा शब्द कोणत्या सालच्या कोणत्या पुस्तकात कोणत्या अर्थाने आला, हे कार्डांवर उतरवून घ्यायचे, एवढेच तिथले काम. ती ते अकरा वर्षे करत होती. काव्ये आणि शास्त्रग्रंथ सगळेच वाचत. ती सुईणींची, शिंप्यांची, गुरांच्या औषधांची, तुरुंगाच्या नियमांची पुस्तके वाची. एकदा भर बैठकीत ते म्हणाले होते, “बाई केर भरून आणतात, मी निवडत बसतो.” सगळे हसले होते. दुसऱ्या दिवशी तिने त्यांच्या टेबलावर ‘केर’ या शब्दाची चौदा कार्डे ठेवली. सर्वांत जुने त्यांच्या लाडक्या महाकाव्यातले होते. त्यानंतर दोघांत कामापुरतेच बोलणे उरले, आणि तेही कुरकुरत.

‘उ’ची पाने महिनाअखेर छापायला जायची होती. ती तळघरातल्या कपाटांपाशी बसून राहू लागली. डबाही तिथेच उघडायची. प्रूफे वाचणाऱ्या मावशी एकदा जिन्यावरून वाकून म्हणाल्या, “अगं, एका शब्दापायी जीव देशील. नसेना का तो अर्थ. पोरं रडायची थांबणार आहेत का?”

“मावशी, मला त्यांचं तोंड बंद झालेलं बघायचंय.”

“मग तसं म्हण की,” म्हणत मावशी वर गेल्या.

सोळाव्या दिवशी तिला हवे ते पान सापडले. एक नाव नदीत उलटली होती, तिच्या सरकारी चौकशीचा तो छापील अहवाल होता. नावाड्याने किती माणसे भरली होती, दोर कुणी सोडला, अशा रुक्ष जबान्यांच्या मध्येच एका बाईची जबानी होती. कारकुनाने ती बोलली तशीच उतरवलेली दिसत होती.

‘लेकरू पाण्यातच गेलं होतं. मी त्याला कुशीत घेतलं आणि उजाडेपर्यंत उगी उगी म्हणत बसले.’

तिने दोन्ही वाक्ये वाचली. पेन हातात घेतले, खाली ठेवले. पहिले वाक्य वाचून ते काय म्हणतील, हे तिला त्यांच्या आवाजासकट ऐकू आले: मूल रडत नव्हतं, बाई. तिने कोरे कार्ड पुढे ओढले आणि दुसऱ्या वाक्यापासून उतरवायला सुरुवात केली. ‘मी त्याला कुशीत घेतलं...’ साल, पान, खाली सही. कार्ड वर पाठवून दिले आणि त्या दिवशी ती वेळेवर घरी गेली.

तिसऱ्या दिवशी तिला बोलावणे आले. खोलीत शिरताच तिला अहवाल दिसला, त्यांच्यासमोर उघडा. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला तळघरातली धूळ लागली होती. गेल्या कित्येक वर्षांत ते तळघराच्या पायऱ्या उतरलेले कुणी पाहिले नव्हते.

“दार लावा.”

तिने दार लावले.

“उतारा कुठून सुरू होतो?”

तिने उघड्या पानाकडे पाहिले.

“मी विचारतोय, उतारा कुठून सुरू होतो?”

“एक वाक्य आधी.”

“ते का गाळलंत?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.” त्यांचा आवाज जराही चढला नाही. “खोटी नोंद करणाऱ्या दोघांना मी इथून घालवलंय. एक माझा सख्खा भाचा होता. बहीण अजून माझ्या दारात पाय ठेवत नाही.”

“मग मलाही घालवा. तेवढ्यासाठीच पायऱ्या उतरलात ना.” तिचे कान तापले होते. “तुम्हाला घोडा चालला नाही. मेलेलं मूल चाललं असतं?”

त्यांनी चष्मा काढला. काचा पुसल्या नाहीत, नुसताच हातात धरून ठेवला.

“चाललं असतं,” ते म्हणाले. “तुम्ही आणून तर बघायचं होतंत.”

तिला वाटले, ते आणखी काही म्हणतील. त्यांनी पुस्तक मिटले.

“जा आता.”

तिने आपल्या जागेवर येऊन खण रिकामा करायला घेतला. मावशींना एवढेच सांगितले की वर भांडण झाले. दर सकाळी ती टेबलावर बडतर्फीचे पत्र शोधी. पत्र आले नाही. जिन्यात दोनदा समोरासमोर आले, तेव्हा ते तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत उतरून गेले.

नवव्या दिवशी मावशींनी ‘उ’ची अखेरची प्रूफे आणि पडताळणीसाठी त्यासोबतची कार्डे तिच्यापुढे ठेवली.

“ही तू बघायचीस म्हणे. त्यांनीच सांगितलं. वाकडं तोंड करूनच सांगितलं, पण सांगितलं.”

‘उगी’ची नोंद तिसऱ्या पानावर होती. महाकाव्यातले एक अवतरण त्यांनी जागेसाठी काढून टाकले होते. घोडा होता. घोड्याखाली नावेच्या अहवालातली दोन्ही वाक्ये होती, लेकरापासून. त्यांच्या वर अर्थ होता: ‘रडणाऱ्याला शांत करण्यासाठी म्हणावयाचा शब्द, क्वचित म्हणणाऱ्याने स्वतःलाच.’

तिने अर्थावरून बोट फिरवले, काही चूक मिळते का ते पाहत. मग कार्डांच्या गठ्ठ्यातून त्या उताऱ्याचे कार्ड काढले. अक्षर तिचे नव्हते. दोन्ही वाक्ये त्यांच्या काटेकोर हाताने उतरवलेली होती, आणि नोंद करणाऱ्याच्या जागी त्यांनी स्वतःची सही ठोकली होती. तिने गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून तपासला. एकेक कार्ड उलटून पाहिले. तिच्या सहीचे, पहिले वाक्य गाळलेले कार्ड त्यात नव्हते.

“काय गं, चूक सापडली?” मावशींनी विचारले.

ती उठली आणि कार्ड हातात घेऊन थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

“हे मला सापडलं होतं,” ती म्हणाली. “सोळा दिवस घालवले मी.”

ते लिहीत राहिले.

“माझं कार्ड कुठे आहे?”

त्यांनी मान वर केली नाही.

“कुठलं कार्ड?” ते म्हणाले, आणि पान उलटले.